बोईसरच्या फ्लॅटमधला पॉइंटर: शिकार बंद, मग शिकवायचं काय?

हा आपल्या नव्या भागाचा लेखी अवतार आहे. लोकलमध्ये ऐकताना नेटवर्कने दगा दिला असेल, तर इथे निवांत वाचा.

आजचा विषय कुत्र्याचा, पण एका खास कुत्र्याचा. पालघर, बोईसर, तारापूर पट्ट्यात आता बिल्डिंगमध्येही परदेशी जातीची कुत्री दिसतात. त्यात कधीकधी एक सडपातळ, लांब कानांचं, ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू असतं, इंग्लिश पॉइंटर किंवा जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर. घेणारा यूट्यूबवर परदेशातले व्हिडिओ बघतो. गवतात कुत्रा पुतळ्यासारखा उभा, एक पाय उचललेला, शेपूट ताठ. मग प्रश्न येतो, ‘आपल्यालाही हे शिकवता येईल का? भातकापणी झाली की खाचरांत तितर असतातच की!’

थांबा. इथेच दोन गोष्टी वेगळ्या करू. कुत्र्याला शिकवता येतं, नक्की येतं. पण तितरावर सोडता येत नाही. आधी कायदा, मग शिकवणी.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ९ नुसार वन्यप्राण्यांची शिकार बंद आहे. आता गंमत अशी, की ‘शिकार’ म्हटलं की आपल्याला बंदूक आठवते. कायद्याला तेवढंच आठवत नाही. मारणं, पकडणं, फासे लावणं, मागे लागून पळवणं, हाकणं, आमिष दाखवणं हे सगळं शिकारीत येतं. यातलं काही करण्याचा नुसता प्रयत्नही येतो. पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणंही येतं.

म्हणजे कसं, तर ‘आम्ही मारलं कुठे? कुत्रा फक्त मागे धावला’ हे उत्तर चालत नाही. मुद्दाम कुत्रा सोडून लावा किंवा तितर उठवले, तर तो गुन्हा ठरू शकतो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोरासारखा अनुसूची १ मधला पक्षी असेल तर किमान ३ वर्षं कैद, कमाल ७. आणि त्याचा रील टाकलात तर पुरावा तुम्हीच दिलात!

‘मग पाळीव पक्षी सोडून सराव करू’ असंही काहींच्या डोक्यात येतं. प्राण्यांना विनाकारण यातना देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पिंजऱ्यातून प्राणी सोडून त्यांच्यावर नेमबाजीच्या स्पर्धा घेणं त्याच कायद्याने बंद आहे. थोडक्यात, जिवंत पक्षी या शिकवणीत नकोच.

पॉइंट म्हणजे नक्की काय?

कुठलाही शिकारी प्राणी क्रमाने वागतो. बघतो, दबा धरतो, धावतो, पकडतो, मारतो. पॉइंटरच्या बाबतीत माणसाने पिढ्यानपिढ्या अशी कुत्री निवडली, जी दबा धरण्याच्या क्षणाला थांबून राहतात. पुढची धाव लांबते. तो थांबलेला क्षण म्हणजे पॉइंट.

बंदुका येण्याआधी युरोपात याचा उपयोग जाळ्यासाठी व्हायचा. कुत्रा पक्षी दाखवून थांबायचा आणि माणसं वरून जाळं टाकायची. म्हणजे बंदूक नंतर आली, कुत्र्याचं थांबणं आधीचं. ‘थांबणं’ हेच त्याचं मूळ काम. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी शिकवणी त्यावरच उभी आहे.

पहिले चार महिने: पक्षी विसरा

पिल्लू घरी आलं की आधी लसीकरण. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात सुरू होते. पुढचं वेळापत्रक डॉक्टर देतील. आपल्याकडे पावसाळ्यात भाताच्या पाण्यातून, उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो, म्हणून त्याच्या लसीबद्दल आवर्जून विचारा.

मग तीन शब्द. त्याचं नाव, ‘ये’ आणि ‘थांब’. घरात सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे. आई ‘थांब’ म्हणते, दादा ‘स्टे’ म्हणतो आणि आजी ‘अरे बस ना बाळा’ म्हणते, असं झालं की पिल्लू गोंधळतं.

‘थांब’ शिकवायला जेवणाची वाटी पुरते. वाटी ठेवा, ‘थांब’ म्हणा, हाताने छातीशी हलकेच अडवा. दोन सेकंद थांबलं की ‘चल’. दोनाचे पाच, पाचाचे दहा. घाई नको. आठवडाभरात अर्धा मिनिट झालं तरी खूप झालं.

आवाजाची सवयही याच वयात. जेवताना लांबून ताट वाजवा, रोज थोडं जवळून. पण दिवाळीत ‘घाबरतो का बघू’ म्हणून शेजारी लवंगी लावू नका. एकदा बसलेली धास्ती काढायला महिने जातात.

काठी, दोरी आणि कोंबडीचा पंख

आता मजेचा भाग. बांबूची काठी, दोन मीटर दोरी, टोकाला चिकनवाल्याकडून आणलेला कोंबडीचा पंख. रानातली पिसं गोळा करू नका, कोंबडी पुरे.

पंख पिल्लासमोर फिरवा. ते धावेल. पकडू देऊ नका, दर वेळी उचला. चार-पाच फेऱ्यांनंतर पिल्लाला कळतं की धावून मिळत नाही. मग ते थबकतं, मान पुढे, शेपूट ताठ. आठ आठवड्यांची पिल्लंही हे करतात. त्या वेळी तुम्ही गप्प राहायचं. टाळ्या नाही, ‘वाह’ नाही. हळूच पाठीवर हात फिरवा.

पण हा खेळ थोडाच. दोन-तीन मिनिटं, आठवड्यातून एकदोनदा. का? कारण यात कुत्रा डोळ्याने पॉइंट करतो आणि आपल्याला हवंय नाक.

नाकाची शिकवणी

पिल्लू सहा-सात महिन्यांचं झालं की लांब दोरी, आठ-दहा मीटरची. मोकळं मैदान घ्या किंवा मालकाला विचारून एखादं कापलेलं शेत. आधी तिथे पक्षी नाहीत ना, हे बघा. पंख गवतात लपवा. कुत्र्याला वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने न्या, म्हणजे वास त्याच्या नाकावर येईल.

इथे आपल्या किनाऱ्याचा फायदा आहे. पावसाळा सोडला, तर दुपारनंतर वारा साधारण समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. तेव्हा पूर्वेकडून सुरू करून पश्चिमेला चालायचं. पहाटे बहुतेक वेळा उलटं, वारा जमिनीकडून. मूठभर माती सोडून बघा, लगेच कळेल. दव असलेल्या सकाळी वास जमिनीलगत टिकतो, तो सरावाचा उत्तम वेळ.

वास लागला की कुत्रा वळेल, मंदावेल, थांबेल. तुम्ही शांतपणे ‘थांब’ म्हणा, दोरीवरून त्याच्यापर्यंत जा, मग पुढे होऊन पंख स्वतः उचला. बक्षीस कुत्र्याला तुमच्या हातून. त्याला कळायला हवं की शोधणं माझं काम, उचलणं माणसाचं.

तो पुढे धावला तर मारू नका, ओरडू नका. उचलून जिथून सुटला त्याच जागी परत आणा, पुन्हा ‘थांब’. शिक्षा केलीत, तर कुत्रा त्या वासालाच घाबरतो आणि पुढे वास आला की तोंड फिरवतो. ट्रेनरला मग तेच निस्तरावं लागतं.

या कलेचं करायचं काय?

‘शिकार नाही तर उपयोग काय?’ खरा प्रश्न आहे. न्यूझीलंडमध्ये १८९० च्या दशकात रिचर्ड हेन्री यांनी मुसकं बांधलेल्या कुत्र्याच्या मदतीने काकापो आणि किवी शोधले, मारायला नाही, तर सुरक्षित बेटावर हलवायला. आजही तिथे प्रशिक्षित कुत्री दुर्मिळ पक्षी शोधून देतात. नॉर्वेत पॉइंटिंग कुत्र्यांसोबत चालत रानकोंबड्यांसारख्या पक्ष्यांची मोजणी होते. आपल्याकडे ट्रॅफिक इंडियाने २००८ मध्ये वन्यजीव तस्करी पकडणाऱ्या श्वानांचा कार्यक्रम सुरू केला. ती जर्मन शेफर्डसारखी कुत्री, पण काम नाकाचंच.

घरचा कुत्रा हे अधिकृत काम करणार नाही, मान्य. पण रोज वीस मिनिटं लपवलेला पंख, खेळणं, तुमचा मोजा शोधणं, एवढ्यावर त्याचं डोकं दमतं. हे मिळालं नाही तर पॉइंटर सोफा फाडतो, रात्रभर भुंकतो, सोसायटीत तक्रारी होतात, आणि मग एक दिवस कोणीतरी त्याला हायवेवर सोडून येतं. खरी बाजी तीच आहे. म्हणून रोज एक-दीड तास पळवायला वेळ नसेल, तर ही जात घेऊच नका.

जाता जाता, आपल्या भागासाठी चार गोष्टी

उकाडा. मार्चनंतर व्यायाम सूर्योदयाआधी. जोरात धापा, घट्ट लाळ, झोकांड्या दिसल्या तर सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि थेट डॉक्टरकडे.

पाणी. एमआयडीसीजवळच्या नाल्यांत तोंड घालू देऊ नका. बाटली सोबत ठेवा.

गोचीड. गवतातून आलात की कान, बोटांमधली जागा, मान तपासा. ताप, सुस्ती, नाकातून रक्त आलं तर थांबू नका.

घरटी. टिटवी आणि तितर जमिनीवरच अंडी घालतात. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत माळरानावर आणि बांधांवर पट्टा सोडू नका. थंडीत केळवे, चिंचणीच्या किनाऱ्यांवर दूरवरून आलेले चिखलपक्षी पोट भरत असतात, तिथेही तेच. कोणी पक्षी पकडताना दिसलं, तर भांडायला जाऊ नका, वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

तर मंडळी, तितर उडालं आणि तुमचा कुत्रा दोरी ढिली असूनही जागेवर उभा राहिला, तर समजा शिकवणी पूर्ण झाली. बंदुकीची गरज कुठेच लागली नाही.

हा भाग पिल्लू घेण्याच्या विचारात असलेल्या मित्राला नक्की पाठवा. पिल्लू घरी यायच्या आधी पाठवा, नंतर नको! भेटूया पुढच्या भागात.