मद्य आणि पेशीचा सांगाडा

दारूने लिव्हर जातं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ‘जातं’ म्हणजे पेशीच्या आत नेमकं काय बिघडतं, हे पाहिलं की थक्क व्हायला होतं.

यकृताची पेशी 20 ते 30 मायक्रोमीटरची; एका मिलिमीटरात तीस-चाळीस सहज बसतील. एवढ्याशा जागेत केराटिनचे तंतू (आपले केस-नखं ज्या प्रथिनांच्या कुळातली, त्याच कुळातले) जाळं विणून तिला आकार देतात. शिवाय ट्युब्युलिन या प्रथिनाच्या 25 नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नलिका असतात. पेशीत तयार होणारं अल्ब्युमिन रक्तात पोचतं ते या नलिकांच्याच आधाराने.

इथेनॉलचा रेणू इतका लहान, की पेशीचं पटल त्याला अडवतच नाही. पेशी आधी त्याचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करते आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी असं अ‍ॅसिटेट. सगळा घोळ मधल्या पायरीवर होतो. अ‍ॅसिटाल्डिहाइड प्रथिनांना चिकटतं, ट्युब्युलिनला तर फार लवकर. मग नलिका धड जुळत नाहीत, वाहतूक खोळंबते, बाहेर जायची प्रथिनं आणि चरबी आतच तुंबतात. पेशी पाण्याने फुगते. ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकाही सुजतात; एखादी तर केंद्रकाएवढी होते.

बोस्टनचे विकृतिशास्त्रज्ञ फ्रँक मॅलरी यांनी 1911 मध्ये अशा पेशींत केंद्रकाजवळ गुलाबी रंग घेणारे वेडेवाकडे गोळे पाहून नोंदवले. ते गोळे म्हणजे कोसळलेला सांगाडाच होता, हे पुढे उलगडलं. केराटिनचे तंतू गुंता होऊन एका जागी गोळा होतात आणि बाकीच्या पेशीत केराटिन जवळजवळ उरत नाही. गोळ्यावर युबिक्विटिन चिकटलेलं असतं. टाकाऊ प्रथिनांवर पेशी मारते तो हा शिक्का. शिक्का बसतो, पण कचरा उचलला जात नाही.

हेच गोळे दारूचा थेंबही न घेतलेल्या, पण यकृताच्या एका आजाराने ग्रासलेल्या भारतीय बालकांच्या यकृतातही दिसत. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तापवलेल्या-साठवलेल्या दुधातून उतरणाऱ्या तांब्याशी त्या आजाराचा संबंध 1980 च्या दशकात पुण्यात झालेल्या अभ्यासातून पुढे आला. म्हणजे नुसता गोळा दिसला म्हणून कुणावर दारुडेपणाचा ठपका ठेवता येत नाही.

‘पिताना भरपूर खाल्लं की काही होत नाही’ हा समज मात्र साफ खोटा. पूर्वी डॉक्टरही दोष कुपोषणालाच देत. न्यूयॉर्कच्या चार्ल्स लीबर यांनी 1960 च्या दशकात सकस आहार घेणाऱ्या माणसांत आणि पुढे बबून माकडांत प्रयोग करून मद्य स्वतःच यकृताला घातक असल्याचं दाखवलं. पेशीतली दुसरी एक यंत्रणाही त्यांनी शोधली. रोजच्या पिण्याने ती वाढते, मद्य लवकर पचवते आणि त्यातच पेशी पोखरणारे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू सोडते. हीच यंत्रणा पॅरासिटामॉलचा काही भाग विषारी रूपात बदलते. तेव्हा रोज पिणाऱ्याने डोकं दुखतंय म्हणून ती गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं, आणि किती पितो ते खरं सांगावं.