खो-खोचा विश्वचषक: लाल मातीतून मॅटपर्यंत



"खो-खो खेळून पुढे काय?" हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. उत्तर देण्याआधी या खेळाचा प्रवास समजून घेऊया.

खो-खो जुनाच, पण त्याला लेखी नियम मिळाले ते १९१४ च्या सुमारास, पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात. मैदान केवढं, खेळाडू किती, वेळ किती हे ठरलं की गावोगावचा खेळ एकसारखा होतो आणि मगच स्पर्धा भरवता येते. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली. १९९६ मध्ये कोलकात्याला पहिली आशियाई स्पर्धा झाली. २०१६ मध्ये दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेतही खो-खो आला.

पहिला विश्वचषक मात्र १३ ते १९ जानेवारी २०२५ ला, नवी दिल्लीत झाला. पुरुषांचे २० आणि महिलांचे १९ संघ आले होते. त्यात पेरू, ब्राझील, इराण, दक्षिण कोरियासुद्धा! दोन्ही अंतिम सामने भारत-नेपाळ असे रंगले. महिलांनी ७८-४० आणि पुरुषांनी ५४-३६ असा विजय मिळवला. कर्णधार होते प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोघंही आपल्या महाराष्ट्राचे.

मुलांना एक फरक नक्की दाखवा. शाळेत आपण नऊ खेळाडूंचा खो-खो खेळतो. विश्वचषकात संघाचे सातच खेळाडू मैदानात होते आणि खेळ मातीऐवजी मॅटवर झाला. शिवाय 'वजीर' नावाचा आक्रमक कोणत्याही दिशेला पळू शकत होता. डाव छोटे, त्यामुळे खेळ आणखी वेगवान. पण खुंट, पाटी, पाठीवरची थाप आणि "खो!" ही आरोळी तीच.

मग पुढे काय? प्रत्येक मूल भारताकडून खेळेल असं नाही. पण दम, चपळाई, क्षणात निर्णय आणि सोबत्यावर विश्वास हे सगळं या खेळात फुकट मिळतं. आपल्या रत्नागिरीत जांभ्याचं लाल मैदान आणि दोन खुंट एवढं पुरतं. तरीही परीक्षा जवळ आली की पहिला खेळाचाच तास जातो, आणि सातवीनंतर मुलींचा सराव घरूनच बंद होतो. शिक्षकांनो, तो तास राखा. पालकहो, मुलीला संध्याकाळी अर्धा तास जास्त मैदानावर थांबू द्या.

वर्गासाठी उपक्रम: जगाच्या नकाशावर या लेखातले देश शोधा, आणि दोन्ही अंतिम सामन्यांतला गुणांचा फरक मुलांकडून काढून घ्या.