घाटात गाडी पिकअप का घेत नाही?

निपाणीहून बेळगावकडे निघालं की तवंदी घाट लागतो. सपाटीला नीट पळणारी पेट्रोल गाडी इथे अ‍ॅक्सिलरेटर दाबताच झटके मारू लागली, तर इंजिनाला पेट्रोल कमी पडत असण्याची शक्यता मोठी. एरवी एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. चढावर जोर लावताना पेट्रोलचं प्रमाण त्याहून वाढावं लागतं.

लगेच प्लग बदलत बसू नका. स्कॅनर लावून ‘फ्युएल ट्रिम’ बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय ते. (घाटात आकडे शेजारी बसलेल्याने वाचावेत!) उभ्या गाडीत आकडा शून्याजवळ आणि चढावर अधिक २०-२५ झाला, तर संशय तुंबलेल्या फिल्टरवर किंवा थकलेल्या पंपावर. हवा मोजणारा सेन्सर मळला तरी असंच दिसतं. उलट, उभ्या गाडीतच आकडा जास्त आणि रेस केल्यावर उतरत असेल, तर एखादा चिरलेला पाइप बाहेरची हवा ओढतोय.

पंपाचा खरा निकाल प्रेशर गेजच देतो. कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचा पंप लवकर जातो, कारण टाकीतलं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. हे दुखणं अंगावर काढून गाडी दामटू नका. व्हॉल्व्ह किंवा पिस्टन जळाला, तर त्यापुढे पंपाचा खर्च किरकोळ वाटेल.