पाण्यातून जन्मलेला, पाण्याला न जुमानणारा

नाशिकहून पुण्याकडे निघालात की सिन्नरच्या अलीकडे मोहदरीचा घाट लागतो. जिकडे पाहावं तिकडे काळा कातळ! पण या परिसरातल्या कातळाच्या पोटात फ्लोराइट या खनिजाचे पिवळे, अर्धगोल गोळे सापडले आहेत आणि जगभरचे खनिजप्रेमी त्यांच्यावर जीव टाकतात. क्वार्ट्झच्या चमचमत्या थरावर बसलेला तो पिवळा गोळा खरंच फार सुंदर दिसतो.

तो तिथे आला कसा? सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला. तो थिजताना वायूचे बुडबुडे आतच अडकले आणि दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपलं. त्या पाण्यातून हा फ्लोराइट हळूहळू साचत गेला.

आता गंमत बघा. मीठही पाण्यातूनच मिळतं, पण पुन्हा पाण्यात टाकलं की गायब! एक लिटर पाण्यात तब्बल 360 ग्रॅम मीठ विरघळतं. फ्लोराइट मात्र जेमतेम 16 मिलिग्रॅम. एवढा फरक का बरं?

दोघंही आयनांचे, म्हणजे प्रभार असलेल्या अणूंचे, बनलेले आहेत. मिठातल्या सोडिअमने 1 इलेक्ट्रॉन देऊन टाकलेला असतो, म्हणून त्याच्यावर 1 धनप्रभार. तो इलेक्ट्रॉन क्लोरीनने घेतलेला, म्हणून त्याच्यावर 1 ऋणप्रभार. विरुद्ध प्रभार एकमेकांना खेचतात, हाच आयनिक बंध. फ्लोराइटमधल्या कॅल्शिअमने मात्र 2 इलेक्ट्रॉन दिलेले असतात आणि दोन फ्लोरिननी ते एकेक वाटून घेतलेले असतात.

प्रभार दुप्पट, म्हणजे ओढही दुप्पट. एवढ्यावर भागत नाही! 1785 साली फ्रान्समध्ये कुलोम यांनी दाखवून दिलं, की प्रभारांमधलं अंतर निम्मं झालं तर ओढ चौपट होते. सोडिअम आणि कॅल्शिअमचे आयन जवळपास सारख्याच आकाराचे, पण फ्लोरिनचा आयन क्लोरीनच्या आयनापेक्षा बराच लहान. त्यामुळे तो कॅल्शिअमच्या अधिक जवळ जाऊन बसतो. दोन्ही गोष्टी धरून हिशेब केला, तर फ्लोराइटमधल्या शेजारी आयनांची ओढ मिठातल्यापेक्षा जवळजवळ तिप्पट भरते! म्हणूनच मीठ 801 अंश सेल्सिअसला वितळतं, तर फ्लोराइटला 1418 अंश लागतात.

पाणीही काही कमी नाही. दोन आयनांच्या मध्ये पाणी आलं की त्यांची ओढ सुमारे 80 पटींनी घटते. शिवाय पाण्याचे रेणू आयनांभोवती गोळा होतात आणि त्यांना आपल्याकडे ओढतात. मीठ या ओढाताणीत हरतं. फ्लोराइटमध्ये एका कॅल्शिअमभोवती 8 फ्लोराइड, म्हणजे फ्लोरिनचे आयन असतात आणि प्रत्येक फ्लोराइडला 4 कॅल्शिअम धरून ठेवतात. तिथून एखाद्या आयनाला सोडवून नेणं पाण्याला फार जड जातं.

एवढा पक्का, तर हातोड्यालाही दाद देणार नाही, असं वाटेल. पण घाव बसला की आयनांचा एक थर किंचित सरकतो. मग धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतं. समान प्रभार एकमेकांना दूर लोटतात आणि स्फटिक सपाट, गुळगुळीत चिरेवर फुटतो. म्हणून खाणीत असा गोळा दिसला, की जाणकार तो नुसता उपटत नाहीत. भोवतीच्या कातळासकट हळूच सोडवून घेतात.