पंपाची भीती मोजायची कशी?

आज पंपाबद्दल बोलू या. तो ओढायचा कसा हे नाही, तर त्याच्याबद्दल आपल्या मनात काय बसलंय, त्याबद्दल.

डॉक्टर ज्याला सीओपीडी म्हणतात, त्यालाही आपण दमाच म्हणतो. पण दमा येतो-जातो. सीओपीडीत वर्षानुवर्षांच्या धुराने श्वासनळ्या अरुंद होतात आणि पहिल्यासारख्या होत नाहीत. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या जाळून स्वयंपाक केलेल्या बायांना हा आजार बिडीला हात न लावताही होतो. पुण्याच्या डॉ. संदीप साळवींनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की जगात अशा रुग्णांपैकी शंभरात २५ ते ४५ जणांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं.

यावर मुख्य औषध पंपाचं. तरी तो घरात फडताळावर पडून राहतो. का? ‘सवय लागते’, ‘फार जहाल असतो’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’. कुणी म्हणतं, आता बरं वाटतंय, मग कशाला? बायका हे डॉक्टरांना सांगत नाहीत. तिथे ‘हो, घेते’ म्हणून मोकळ्या होतात.

हे मनातलं बाहेर काढायला रॉब हॉर्न, जॉन वाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने इंग्लंडमध्ये १९९९ साली एक प्रश्नावली मांडली. तिच्या मुख्य भागात दहा वाक्यं आहेत. पाच गरजेची: या औषधावाचून माझं भागणार नाही, अशा अर्थाची. पाच काळजीची: औषधाच्या आहारी जाईन, पुढे त्रास होईल, अशी. प्रत्येक वाक्य किती पटतं त्याला १ ते ५ गुण. म्हणजे दोन्ही बाजूंना कमीत कमी ५, जास्तीत जास्त २५. मग गरजेतून काळजी वजा करायची.

समजा, गंगापूरकडच्या एका आजींचे गरजेचे गुण २१ आणि काळजीचे २४ आले. वजाबाकी उणे ३. औषध लागतं हे त्यांना पटलंय, पण भीती वरचढ आहे. दुसऱ्या बाईंचे गरजेचे ८, काळजीचे ११. वजाबाकी इथेही उणे ३ च! पण या बाईंना भीती फारशी नाही. औषधाची गरजच वाटत नाही. आजींची भीती काढायची, यांना आजार समजवायचा. नुसती वजाबाकी बघून हे कळत नाही, म्हणून दोन्ही आकडे वेगळे लिहावेत. मला तर हीच यातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते.

आता त्या ‘जहाल’चा हिशेब करू. साल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची मिळते. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या चाळिसाव्या हिश्श्याइतकं. ते थेट फुप्फुसात जातं, म्हणून थोडक्यात भागतं. सवयीचं म्हणाल, तर पंप सोडल्यावर धाप परत येते ती आजार तिथेच असतो म्हणून. चष्मा काढल्यावर अंधूक दिसतं, त्याला कुणी चष्म्याचं व्यसन म्हणत नाही. एक काळजी मात्र खरी आहे: स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरली नाही तर तोंड येऊ शकतं. ती हसण्यावारी नेऊ नका.

आणखी एक. धाप लागल्यावर ओढायचा पंप पाच-दहा मिनिटांत आराम देतो, म्हणून त्यावर विश्वास बसतो. रोजच्या पंपाचा गुण असा लगेच जाणवत नाही, म्हणून आधी तोच सुटतो.

गटाच्या बैठकीत ही वाक्यं तोंडी विचारता येतील. लिहिता येत नसेल तर ज्वारीचे पाच दाणे पुढे ठेवा. जितकं पटलं तितके दाणे उचला. सून किंवा मुलगा शेजारी नसताना विचारलेलं बरं, नाहीतर उत्तर त्यांच्या तोंडाकडे बघून येतं. आलेले आकडे चिठ्ठीवर लिहून घाटीत किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवा. पंपही सोबत न्या, त्यांच्यासमोर ओढून दाखवा. रोटाकॅप वापरत असाल तर तीही न्या. ती यंत्रात घालून ओढायची असते, गिळायची नसते.