घरच्या घरी लाळेची करोना चाचणी : पट्टी काय सांगते, काय सांगत नाही

करोना विषाणूचा संसर्ग ओळखण्याचे दोन मार्ग प्रामुख्याने रूढ झाले. आरटी-पीसीआर चाचणीत विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या असंख्य प्रती तयार करून त्याचे अस्तित्व शोधले जाते, तर रॅपिड अँटिजेन चाचणीत विषाणूचे एखादे प्रथिन, म्हणजेच प्रतिजन, नमुन्यात पुरेशा प्रमाणात आहे की नाही एवढेच पाहिले जाते. पहिलीला प्रयोगशाळा आणि काही तास लागतात. दुसरीला पंधरा ते तीस मिनिटे पुरतात.

या वेगाचा उपयोग छत्रपती संभाजीनगरने, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादने, लवकर अनुभवला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जून २०२० मध्ये अँटिजेन चाचणीस मान्यता दिली आणि १० ते १८ जुलै या काळातील कडक संचारबंदीच्या सुमारास महापालिकेने शहरात येणारे प्रवासी व व्यापारी यांच्या चाचण्या याच पद्धतीने मोठ्या प्रमाणावर केल्या. परिषदेच्या मूल्यमापनात त्या पहिल्या संचाची संवेदनशीलता, म्हणजे बाधिताला बाधित म्हणून ओळखण्याची क्षमता, ५०.६ ते ८४ टक्के, तर विशिष्टता, म्हणजे निरोगी व्यक्तीला निरोगी ठरवण्याची क्षमता, ९९.३ ते १०० टक्के आढळली. त्यामुळे पॉझिटिव्ह निष्कर्ष ग्राह्य धरावा, परंतु लक्षणे असूनही निगेटिव्ह आल्यास आरटी-पीसीआर करावी, असा नियम ठरला.

चाचणीच्या पट्टीवर विषाणूच्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाला चिकटणारी, रंगीत सूक्ष्मकणांशी जोडलेली प्रतिपिंडे असतात. नमुना द्रावणात मिसळून पट्टीवर टाकला की तो पुढे सरकतो आणि प्रथिन असल्यास 'टी' या खुणेपाशी रेघ उमटते. 'सी' ही रेघ चाचणी नीट पार पडल्याची खूण असल्याने ती उमटली नाही, तर निष्कर्ष बाद समजावा लागतो.

नमुना म्हणून लाळ घेण्याचे आकर्षण उघड आहे, कारण नाकात काडी घालण्याचा त्रास टळतो आणि मुलांची व वृद्धांची चाचणी सुकर होते. जपानने जुलै २०२० पासून विमानतळांवर लाळेच्या प्रतिजन चाचण्या केल्या, मात्र त्या यंत्रावर मोजल्या जाणाऱ्या होत्या; नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने विकसित केलेल्या आणि मे २०२१ मध्ये मान्यता मिळालेल्या पद्धतीत मिठाच्या पाण्याने गुळण्या करून नमुना घेतला जाई, पण पुढील तपासणी आरटी-पीसीआरचीच होती. साध्या पट्टीवर प्रती वाढवण्याची सोय नसल्याने आणि लाळेत प्रथिन विरळ असू शकत असल्याने अशा चाचण्यांची संवेदनशीलता नाकाच्या नमुन्यापेक्षा सामान्यतः कमी पडते. शिवाय तोंडातील पदार्थ नमुना बिघडवतात, आणि आम्लयुक्त पेयांमुळे तर पट्टीवर खोटी रेघही उमटू शकते. म्हणून चाचणीपूर्वी निदान अर्धा तास खाणे, चहा, दात घासणे, धूम्रपान, पान आणि तंबाखू वर्ज्य असते.

मे २०२१ मध्येच पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या 'कोविसेल्फ' या घरगुती संचाला मान्यता मिळाली. त्यात नमुना नाकातूनच घ्यायचा असला, तरी त्यासोबतच्या सूचनांचे तत्त्व लाळेच्या चाचणीलाही लागू पडते: चाचणी लक्षणे असलेल्यांनी आणि बाधितांच्या निकट संपर्कातील व्यक्तींनी करावी, रेघ उमटल्यास विलगीकरणात राहावे आणि लक्षणे असताना निगेटिव्ह आलेल्याने स्वतःला संशयित मानून आरटी-पीसीआर करून घ्यावी.

लाळेची घरगुती चाचणी ही संसर्ग लवकर पकडण्याची पहिली चाळणी आहे; निरोगीपणाचा दाखला म्हणून तिचा वापर करणे धोक्याचे ठरते. म्हणून संच घेताना त्याला मान्यता आहे का आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, हे पाहावे, निष्कर्ष सांगितलेल्या वेळेतच वाचावा आणि ताप-खोकला असताना रेघ उमटली नाही, तरी घरातील वृद्धांपासून दूर राहून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.