छातीतल्या पाण्याला बारीक नळी, पण आधी सोनोग्राफी

२४ मार्चच्या जागतिक क्षयरोग दिनी ‘दोन आठवडे खोकला असेल तर थुंकी तपासा’ हे सगळ्यांच्या कानावर पडतं. फुप्फुसाच्या आवरणात पाणी धरणाऱ्या क्षयरोगाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. त्यात थुंकी पडेलच असं नाही. ताप येतो, एका कुशीत दुखतं, जिना चढताना दम लागतो. तेल्हारा-मूर्तिजापूरहून अकोल्याच्या जठारपेठेतल्या दवाखान्यात आलेल्या रुग्णाला पाणी काढायचं म्हटलं, की नातेवाईक हटकतात : “एकदा काढलं का घडीघडी भरते म्हणतात.”

पाणी पुन्हा भरतं ते मूळ आजारामुळे, सुईमुळे नव्हे. या भीतीत दिवस जातात, तेच घातक. न्यूमोनियानंतरच्या पाण्यात पू झाला, की जाळ्या धरतात, कप्पे पडतात आणि एका कप्प्यातली नळी दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. मग नळीतून औषधं सोडून जाळ्या विरघळवाव्या लागतात, नाहीतर शस्त्रक्रिया करावी लागते.

पूर्वी बरगड्यांमधून बोटाएवढी नळी घालत. आता चार मिलिमीटरच्या आसपासची, ‘पिगटेल’ म्हणतात ती बारीक नळी पुष्कळदा पुरते. स्वीडनचे सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये रक्तवाहिन्यांसाठी मांडलेली युक्ती इथे कामी येते : आधी सुई, सुईतून तार, तारेवरून नळी. आत गेल्यावर टोक वळसा घेतं, त्यामुळे नळी सहजी निसटत नाही. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती. कर्करोगात पाणी वारंवार भरत असेल तर कायमची नळी बसवून घरीच पाणी काढता येतं. वारंवारच्या फेऱ्या वाचतात. मात्र एका बैठकीत साधारण दीड लिटरवर थांबतात, कारण दबलेलं फुप्फुस झपाट्यानं फुललं तर त्यालाच सूज येऊ शकते.

पण ‘बिनटाक्याचा उपचार’ म्हणून प्रत्येकाला नळी घालणं मला पटत नाही. क्षयरोगाचं पाणी बहुधा औषधांनीच ओसरतं. तपासणीपुरतं आणि दम कमी होईल इतकं काढलं की भागतं. कोर्स किमान सहा महिन्यांचा, तो पुरा करणं नळीहून महत्त्वाचं.

खरी क्रांती नळीची नव्हे, सोनोग्राफीची आहे. पाणी किती, कप्पे आहेत का, यकृत-प्लीहा कुठवर, हे पाहून सुई घातली तर इजा टळते. आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, आणि मुलींसाठी तो कायदा कडकच राहायला हवा. मात्र सरकारी रुग्णालयांनी छातीविकाराच्या वॉर्डासाठी रीतसर नोंदवलेलं स्वतंत्र यंत्र मागून घ्यावं. दम लागलेल्या माणसाला स्ट्रेचरवरून सोनोग्राफीच्या खोलीपर्यंत न्यावं लागू नये.